घरी बनवलेल्या फझच्या डब्यातून ‘घूंऽऽ’ येतंय? आधी अडॅप्टर काढून बघा, अर्थिंगची पिन मात्र तोडू नका

भरे (ता. मुळशी) : गणपती तोंडावर आले की भरे, घोटवडे, पिरंगुट पट्ट्यात संध्याकाळी कुठून ना कुठून सरावाचा आवाज कानावर येतोच. गिटार नाहीतर बेंजो वाजवणारा एखादा हौशी पोरगा मोबाईलवर व्हिडिओ बघून घरीच ‘फझ’चा डबा जोडतो. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन कंट्रोल आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढाच काय तो मामला. डबा चालूही होतो. पण तार छेडण्याआधीच स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ सुरू होतं, मागे खरखर, मध्येच शिट्टी. मंडळातले म्हणतात, काढ तो डबा. बहुतेक वेळा डबा चांगला असतो, दोष दुसरीकडे असतो.

फझ म्हणजे काय, ते आधी बघू. गिटारचा बारीक सिग्नल हा डबा इतका वाढवतो की त्याच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटका, जाडसर येतो. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने हा आवाज जगभर नेला. पुढच्या वर्षी लंडनच्या आर्बिटर कंपनीचा गोल ‘फझ फेस’ आला आणि घरगुती डबे बहुतेक त्याच्याच नकाशावर बनतात. आपला बेंजोही काही लांबचा नाही. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात तयार झालेल्या ताइशोगोतो वाद्याचा तो भाऊबंद. त्याला पिकअप बसवला की गिटारसारखाच तो फझमधून वाजवता येतो. अडचण अशी की फझ सूर वाढवतो तशी घरघरही वाढवतो. केबलमध्ये शिरलेला कणभर हम बाहेर पडताना मणभर होतो.

म्हणून पहिलं काम कानाचं. जाड, खालच्या पट्टीतलं ‘घूं’ असेल तर ती घरातली वीज आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ती आसपासच्या वायरींतून पिकअपमध्ये किंवा उघड्या केबलमध्ये शिरते. त्याच्या वरचं, जरा तिखट ‘भर्रर’ असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे अडॅप्टरमधून नीट न गाळलेला करंट. बारीक ‘चीं’ येत असेल तर मोबाईलचा चार्जर किंवा एलईडी बल्बचा ड्रायव्हर. ‘टिर्र टिर्र’ करून थांबत असेल तर खिशातला टू-जी फोन. तो सेकंदाला २१७ वेळा सिग्नलचे ठोके देतो, तेच ऐकू येतात. आणि बारीक आवाजात बातम्या लागल्या तर घाबरू नका. ट्रान्झिस्टर जुन्या क्रिस्टल रेडिओसारखं वागतोय आणि आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, पकडतोय.

आता शोध. अडॅप्टर काढा आणि नवी नऊ व्होल्टची बॅटरी लावा. हम गेला तर दोषी सापडला. डब्यातच इलाज होतो. नऊ व्होल्ट आत येतात त्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या पुढे, सर्किटच्या बाजूला, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावा. एवढ्याने १०० हर्ट्झचा हम साधारण सहापट कमी होतो. फझ एक-दोन मिलिअँपिअरच खातो, त्यामुळे व्होल्टेज जेमतेम ०.१ ते ०.२ व्होल्टने उतरतं. कपॅसिटरचा प्लस-मायनस तेवढा तपासा.

बॅटरीवरही हम राहिला तर वाद्याचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज थांबला तर तो वाद्यातून किंवा पिकअपमधून येतोय. सिंगल कॉइल पिकअप असेल तर जागेवर हळूहळू वळून बघा, एका दिशेला हम निम्म्याहून खाली जातो. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर आणि ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर यांपासून दोन पावलं लांब बसलं तरी फरक पडतो. व्हॉल्यूम शून्य करूनही ‘घूं’ चालूच असेल तर केबल बदलून बघा. तेव्हाही राहिलं तर डबा उघडा.

डबा कशाचा आहे याला फार महत्त्व आहे. प्लास्टिकचा असेल तर आत स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा, ती ग्राउंडला जोडा आणि सर्किटला कुठेही टेकणार नाही असं पुठ्ठ्याचं अस्तर द्या. बिस्किटाचा पत्र्याचा डबा किंवा स्टीलचा जेवणाचा डबा त्याहून बरा. फक्त जॅक बसतो तिथला रंग खरवडून काढा, नाहीतर पत्रा ग्राउंडला लागतच नाही. आत येणारी वायर शिल्डची असावी. आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर शेजारी शेजारी बांधलेल्या असतील तर शिट्टी तिथूनच येते. दोन्ही जॅक डब्याच्या समोरासमोरच्या बाजूंना घ्या. रेडिओ लागत असेल तर आत येणाऱ्या जॅकवर सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये १०० पिकोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हम जात नाही म्हटल्यावर कोणीतरी जाणता येतो आणि ॲम्पच्या प्लगची मोठी, तिसरी पिन काढून टाकतो. हम खरंच जातो आणि सगळे खूश होतात. हा उपाय जिवावर बेतू शकतो. ती पिन ॲम्पचा पत्रा जमिनीशी जोडते. आत कधी फेजची वायर पत्र्याला लागली तर करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन नसली तर तोच करंट केबलच्या शिल्डमधून गिटारच्या तारांवर येऊन थांबतो. वाजवणारा हाताने तार धरून ओठ माईकला लावतो आणि माईक दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या सेटला जोडलेला असतो. मग करंट माणसातून जातो. माईकला ओठ लागल्यावर ‘झिणझिण’ जाणवली असेल तर तो इशाराच आहे, सेट बंद करून वायरमन बोलवा.

खरं कारण बऱ्याचदा असं असतं की ॲम्प देवळाच्या प्लगवर आणि मिक्सर शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरीवर. दोन ठिकाणची अर्थिंग, मधे ऑडिओ केबल, आणि त्या गोल वाटेने हम फिरत राहतो. सगळा सेट एकाच बोर्डावरून घ्या. तेही जमत नसेल तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स मधे लावा. तो ऑडिओची वाट तोडतो, विजेची अर्थिंग तशीच राहते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे.

खरखर ही वेगळी गोष्ट. कंट्रोल फिरवतानाच खरखर होत असेल तर एकतर पॉट मळलाय, नाहीतर कपॅसिटर उलटा लागलाय. मूळ फझ फेस पीएनपी जातीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, त्यात प्लस ग्राउंडला असतो. पोरं तोच नकाशा घेऊन बीसी १०८ सारखा एनपीएन बसवतात, बॅटरी उलटी करतात आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटे करायचे विसरतात. जुन्या रेडिओतला एसी १२८ काढून पीएनपी डबा केला असेल तर तो बाकीच्या पेडलच्या एकाच अडॅप्टरवर लावू नका, सरळ शॉर्ट होतो. जर्मेनियम उन्हातही रुसतो. टेम्पोवर दुपारी तापला की आवाज मेंगळट येतो.

मीटर असेल तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास मिळतात का बघा. शून्य किंवा पूर्ण नऊ दिसले तर बायस चुकलाय. मीटर नसेल तर लाकडी काडीने एकेक सांधा हलकेच दाबा, जिथे खर्र होईल तिथे ड्राय सोल्डर. परत तापवून थोडं कथील द्या.

राहिला ‘सस्स’. तो थोडा राहणारच, एवढी वाढ केल्यावर तो जात नाही. बीसी १०९ आणि मेटल फिल्म रेझिस्टर लावले तर कमी होतो. दोन्ही पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारा. ट्रान्झिस्टरला सॉकेट घ्या, म्हणजे दोन-चार बदलून त्यातला शांत निवडता येतो. गाणं संपलं की पायाने डबा बंद करायचा. बंद-चालू करताना ‘टक्’ आवाज येत असेल तर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही जॅकवर एकेक मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावा.