मुलांना पहिल्यांदा स्कीइंगला कुठे न्यावं?
लहान मुलांसोबत पहिलंच स्कीइंग असेल, तर मी गुलमर्ग सुचवतो, तेही जानेवारी-फेब्रुवारीत. कारण तिथला प्रसिद्ध गोंडोला नव्हे, तर पायथ्याचे सौम्य उतार. गुलमर्ग सुमारे 2650 मीटरवर आहे आणि नवशिक्यांचे उतार तिथेच आहेत. हॉटेल जवळचंच घ्या. हातमोजे भिजले, मूल रडायला लागलं, की लगेच खोलीवर.

गोंडोलाचा दुसरा टप्पा 3900 मीटरच्या वर नेतो. तिथे हवा विरळ, उतार मुरलेल्या स्कीपटूंचे. नवशिक्या मुलाला तिथे स्की बांधू नका.

पहिला दिवस आराम. मग प्रशिक्षकासोबत रोज दोन तास. आधी थांबणं शिकू द्या: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. मूल स्वतःहून थांबलं, की त्याची भीती जाते. आपलीही.