सालीखालचा व्हॅनिला

केक असो की शिरखुर्म्यासारखा गोड पदार्थ, व्हॅनिला इसेन्सची इवलीशी बाटली आता आडगावच्या किराणा दुकानातही मिळते. सूरजागडकडच्या बचत गटातल्या एकीनं मला विचारलं, ‘‘ताई, यात कोणतं फूल असते?’’ खरं सांगायचं तर बहुतेक बाटल्यांत फूलही नसतं अन् शेंगही!

खरा व्हॅनिला म्हणजे मूळ मेक्सिकोकडच्या एका वेलीची शेंग. दुसऱ्या देशांत तिला फळ धरेना. १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं हातानं परागीकरणाची सोपी रीत शोधली. तरी शेंग महागच राहिली.

मग आला रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म हारमान. जर्मनीतल्या होल्झमिंडेन या जंगलालगतच्या लहानशा गावचा. त्यानं आणि फर्डिनांड टीमाननं सूचिपर्णी झाडांच्या सालीखालच्या रसातून कोनिफेरिन घेऊन व्हॅनिलिन, म्हणजे शेंगेच्या सुवासातला मुख्य घटक, बनवला. १८७४ मध्ये हारमाननं आपल्या गावातच कारखाना काढला. कृत्रिम स्वादांच्या उद्योगाची ती सुरुवात. आजही ते गाव सुगंधांसाठीच ओळखलं जातं.

आपल्याकडे १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीनं सुगंध आणि स्वादांचा उद्योग वाढवला.

कृत्रिम म्हणजे विषारी, असं मात्र नाही. व्हॅनिलिनचा रेणू दोन्हीकडे सारखाच. शेंगेत आणखी कितीतरी घटक असतात, म्हणून तिची चव भरदार लागते. बाटलीवरचं लेबल मात्र वाचायचंच, आणि इसेन्स थेंबानंच घालायचा.

मला मोठा वाटतो तो दुसराच धडा. जंगल हारमानकडेही होतं, आपल्याकडेही आहे. पहाटे उठून वेचलेला मोह, चारोळी, हिरडा आपल्या बाया कच्चाच विकतात. सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिजही बाहेर जातं. खरा पैसा मात्र कच्च्या मालावर प्रक्रिया करणाऱ्याच्या हाती पडतो. होल्झमिंडेननं ती विद्या गावातच ठेवली.

म्हणून सांगते, लेक बारावीनंतर रसायनशास्त्र शिकायचं म्हणाली, तर ‘‘तुला काय करायचं ते?’’ असं म्हणू नका. मोहाचा वास तिच्या नाकात आहेच. त्यात काय दडलंय, हेही तिला कळू द्या!