मांजराला ओले द्यावे की कोरडे?

नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण जातात. तिथल्या बाजारात मांजराच्या खाण्याची पाकिटे दिसतात; काहींत कोरडे दाणे, काहींत ओला रस्सा. कणगीची राखण करणाऱ्या आपल्या मनीसाठी कोणते न्यावे?

उत्तर उंदरापाशीच आहे. उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असते. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, शिकारीतूनच पाणी मिळवणारे. म्हणून त्याला तहान कमी लागते. ओल्या खाण्यात ७५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, कोरड्यात जेमतेम १०.

कोरडे स्वस्त पडते, टिकते. ओले उन्हाळ्यात काही तासांतच खराब होते. तेव्हा कोरडे जरूर द्या. मात्र शेजारी ताज्या पाण्याचे भांडे सदैव भरलेले ठेवा. बोका वारंवार बसून कुंथतो पण लघवी होत नाही, असे दिसले तर तत्काळ जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

विकतचे परवडत नसेल तरी नुसत्या दूध-भाकरीवर मांजर ठेवू नका. मांस-मासळीतले टॉरिन त्याला मिळालेच पाहिजे. ते कमी पडल्यास हृदय दुबळे होते, हे १९८७ साली उघड झाले. घरात शिजणाऱ्या मासळीचा किंवा कोंबडीचा वाटा कांदा-लसूण घालण्याआधीच बाजूला काढा, काटे-हाडे वेचा आणि थोड्या पाण्यासकट मनीपुढे ठेवा. हेच तिचे घरचे ओले खाणे.