चुकलेल्या नाण्याचा खरा काटा



गेल्या हंगामात उसाचं बिल खात्यावर जमा झालं, त्याच आठवड्यात एक ज्येष्ठ सभासद आमच्या कचेरीत आले. कोपरीच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत पाच रुपयांचं पिवळं नाणं. कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडाच नाही!

"बाजारात मोड म्हणून आलं, साहेब. नातवानं फोटू मोबाइलवर टाकला, तर लगेच फोन. पाच लाख देतो म्हनत्यात. फकस्त टॅक्सचे साडेतीन हजार आधी पाठवायचे. पाठवू का?"

आम्ही म्हटलं, "काका, आधी चहा घ्या. पैसे काही पाठवायचे नाहीत."

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला आहे. काही लबाड लोक बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क, दलाली किंवा कर मागतात. बँक असल्या व्यवहारात पडत नाही आणि असे पैसे कधी मागत नाही. साधा विचार करा. ज्याला आपला ऊस घ्यायचा, तो आपल्याकडेच आधी पैसे मागेल का?

आता नाण्याकडे वळू. उसाचा उतारा कुणाच्या तोंडच्या शब्दाने ठरत नाही, प्रयोगशाळेत ठरतो. नाण्याचंही तसंच आहे.

टाकसाळीत धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. मग यंत्रात चकतीचा काठ उचलून घेतात आणि शेवटी दोन साच्यांमध्ये दाबून ठसा उमटवतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणी आधीच्या भोकावर चढते आणि चकतीचा घास जातो. चकती साच्यात नीट बसली नाही, तर ठसा एका बाजूला सरकतो. ही झाली खरी चूक. पण कानस आणि हातोडा घेऊन घरी केलेली 'चूक'सुद्धा बाजारात येते, ती ओळखता आली पाहिजे.

घास गेलेल्या नाण्यात त्या जागेच्या बरोबर समोरचा काठ पाहावा. खऱ्या नाण्यात तो सहसा बसका आणि पुसट असतो, कारण काठ उचलताना तिथे दाब कमी पडलेला असतो. नंतर कापलेल्या नाण्यात समोरचा काठ ठणठणीत राहतो आणि कापल्या जागी कानशीच्या रेघा दिसतात. एका बाजूला उलटा, खोलगट ठसा असेल, तर दुसरी बाजू तपासा. ती चेपलेली असेल, तर दोन नाणी व्हाइसमध्ये दाबल्याचा संशय घ्यावा.

वजनही करावं. पाच रुपयांचं जुन्या मालिकेतलं पिवळं नाणं ६ ग्रॅमचं आणि २३ मिलिमीटर व्यासाचं असतं. घास गेलेलं हलकं भरणारच. पण ठसा नुसताच सरकला असेल, तर वजन पूर्ण भरलं पाहिजे. सोनाराच्या काट्यावर दोन मिनिटांचं काम. शेजारी त्याच जातीचं चांगलं नाणं ठेवून ताडून पाहावं.

आणि एक कळकळीचं सांगणं: नाणं घासू नका. चिंच, राख, पितांबरी, काही नको. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. नाणं कडेला धरून उचलावं.

जाणकाराला आधी दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो पाठवावेत. तपासणीचं शुल्क किती, नाणं परत कधी मिळणार, हे लेखी घ्यावं. अमेरिकेतल्या पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या संस्था नाणं तपासून डबीत सीलबंद करून देतात, पण तिकडचा खर्च नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो का, हे आधी पाहावं.

पाठवायची वेळ आलीच, तर साध्या पाकिटात टाकू नका. पाकीट फाटून नाणं वाटेतच गळेल. नाणं कागदी पाकिटात ठेवावं, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीने घट्ट बसवावं आणि छोट्या खोक्यात भरावं. हलवल्यावर खुळखुळ वाजता कामा नये. वर 'दुर्मिळ नाणे' असं लिहू नये. मात्र पोस्टात विचारतील तेव्हा आत काय आहे ते खरं सांगावं. टपाल विमा उतरवूनच करावं, तोही खऱ्या किमतीचाच. वाढवून सांगू नये. खाजगी कुरिअर असेल, तर नाण्याची जबाबदारी घेता का, हे आधी विचारावं. पावती आणि फोटो नाणं पोहोचेपर्यंत जपून ठेवावेत.

काकांचं नाणं आम्ही याच पद्धतीने पुण्याच्या एका जाणकाराकडे पाठवलं. पंधरा दिवसांनी ते सुखरूप परत आलं. चूक खरी, टाकसाळीचीच निघाली! पण किंमत? डीएपीच्या एका पोत्याचेही पैसे पुरते सुटणार नाहीत, एवढी.

काका हसले. म्हणाले, "पाच लाख गेले म्हना की!"

आम्ही म्हटलं, "काका, ते आलेच कुठं होते? साडेतीन हजार मात्र तुमच्या खात्यावर शाबूत आहेत."

त्यांनी पुडी पुन्हा कोपरीच्या खिशात घातली. नाणं आता नातवाच्या डबीत आहे. आणि त्या साडेतीन हजारांचं खत लागणीच्या उसाला पडलं.