गर्भाशयमुखाचा कर्करोग : उस्मानाबादच्या खेड्यांतील संशोधन

कर्करोग हा शब्द निघाला की आपल्याकडे बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. आणि तो रोग स्त्रीच्या गर्भाशयाचा असेल तर बोलणेच थांबते. घरातील एखादी वडीलधारी स्त्री महिनोन् महिने अंगावरून जाणे सोसते. सुनेला सांगत नाही, मुलाला तर नाहीच नाही. शेवटी कंबर धरते, पायांवर सूज येते, अंथरूण धरावे लागते आणि मग तिला डॉक्टरांकडे नेतात. तोपर्यंत उपायांची वेळ बहुधा टळून गेलेली असते. वस्तुतः गर्भाशयमुखाचा कर्करोग हा टाळता येण्यासारखा आणि होण्यापूर्वी कित्येक वर्षे आधी गाठता येण्यासारखा रोग आहे. तरीही २०२२ या एका वर्षात भारतात त्याने सुमारे ऐंशी हजार स्त्रिया दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्थेचा अंदाज आहे. ही संख्या कशाने कमी होईल, याचा शोध घेण्याचे एक मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात, उस्मानाबाद जिल्ह्याच्या खेड्यांत झाले. (या जिल्ह्यास २०२३ पासून धाराशिव हे नाव मिळाले, संशोधनाच्या काळातील नाव आम्ही येथे कायम ठेवले आहे.) त्या कामाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. गर्भाशय हा साधारणपणे उलट्या धरलेल्या पेरूच्या आकाराचा अवयव. त्याचे खालचे निमुळते टोक योनिमार्गात उतरलेले असते. त्यास गर्भाशयमुख म्हणतात. या ठिकाणी दोन निरनिराळ्या प्रकारची अस्तरे एकमेकांस मिळतात आणि तेथील पेशींची सतत घडामोड चालू असते. नेमक्या याच सांध्यावर एक विषाणू शिरकाव करतो. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, संक्षेपाने एच.पी.व्ही. या विषाणूचा आणि या कर्करोगाचा संबंध हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३-८४ च्या सुमारास उघड केला. त्याबद्दल त्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ या क्रमांकांच्या दोन जाती मिळून जगातील सुमारे सत्तर टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांस कारण होतात.

परंतु विषाणू शिरला म्हणजे कर्करोग झाला, असे मात्र मुळीच नव्हे. बहुतेक स्त्रियांचे शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला आपोआप हुसकून लावते. थोड्या स्त्रियांच्या ठिकाणी तो मुक्काम करतो, पेशींत हळूहळू बिघाड होतो, आणि त्या बिघाडातून कर्करोग उत्पन्न व्हावयास बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. हरळी नवी असताना खुरप्याने निघते. मुरली म्हणजे नांगर घालूनही हटत नाही. बिघडलेल्या पेशी वेळीच सापडल्या तर तेवढाच भाग अतिशीत उपकरणाने गोठवून किंवा विजेच्या तारेने काढून टाकता येतो. त्याला फार वेळ लागत नाही आणि बहुधा गर्भाशयही काढावे लागत नाही. रोग मुरल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार, तीव्र औषधे हे सर्व करूनही यशाची खात्री देता येत नाही.

येथे एका गैरसमजाचे निवारण केले पाहिजे. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरे. परंतु तो इतका सर्वसामान्य आहे की विवाहित स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांस आयुष्यात केव्हा ना केव्हा तो स्पर्श करून जातो. आयुष्यभर एकाच पतीशी संसार केलेल्या स्त्रीलाही हा रोग होऊ शकतो. तो पुष्कळदा पुरुषाकडूनच तिच्याकडे येतो, आणि त्या पुरुषास त्याची जाणीवही नसते. तेव्हा या रोगावरून कोणाच्याही शीलाची परीक्षा करणे हे अज्ञान आहे, आणि अन्यायही. या कुजबुजीच्या भयानेच कित्येक स्त्रिया तपासणीस येत नाहीत.

रोग आधी ओळखण्याची पहिली युक्ती जॉर्ज पापानिकोलाऊ या मूळच्या ग्रीक, परंतु न्यूयॉर्क येथे काम करणाऱ्या डॉक्टरांनी काढली. गर्भाशयमुखावरील पेशी अलगद खरवडून काचेवर पसरावयाच्या, रंगवावयाच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या. १९२८ साली त्यांनी हे प्रथम मांडले तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४१ नंतर मात्र त्याचा स्वीकार होत गेला. ज्या देशांनी ही तपासणी घरोघरच्या स्त्रियांपर्यंत पद्धतशीरपणे पोहोचवली, तेथे या रोगाचे मृत्यू झपाट्याने उतरले. पण या पद्धतीला प्रयोगशाळा, तरबेज तंत्रज्ञ आणि पुनःपुन्हा तपासणी लागते. आमच्या खेड्यात हे कोठून आणावयाचे, हा खरा प्रश्न होता.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव उस्मानाबादच्या सीमेलगत आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि डॉ. भा. म. नेने यांचे त्यामागील परिश्रम पुष्कळांस ठाऊक असतील. तेथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, सभा घेत, लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांतच असे आढळले की पहिल्या अवस्थेत येणाऱ्या रुग्ण स्त्रियांचे प्रमाण वाढले. केवळ बोलण्याने एवढा फरक पडला, हे व्याख्यानांस जमणाऱ्या मंडळींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

याच पायावर पुढील मोठी चाचणी उभी राहिली. १९९९ च्या ऑक्टोबरात बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्था यांनी मिळून ती आरंभिली. उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट पाडण्यात आले. त्यांतील तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे या गटांची चार भागांत वाटणी झाली. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पापानिकोलाऊंची पेशीतपासणी, तिसऱ्यात शिरक्यातील आम्लाचे सौम्य द्रावण लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे तपासणी नाही. तपासणी एकदाच करावयाची, दोष सापडल्यास उपचार करावयाचे आणि पुढे आठ वर्षे लक्ष ठेवावयाचे, अशी योजना होती.

तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूतपासणीच्या भागात कर्करोगाच्या १२७ स्त्रिया आढळल्या आणि तपासणी न झालेल्या भागात ११८. वरवर पाहता वाटेल की तपासणीचा उपयोग काय? उपयोग पुढील आकड्यांत आहे. पहिल्या भागातील १२७ पैकी ३९ जणींचाच रोग पुढे गेलेला होता. दुसऱ्या भागातील ११८ पैकी ८२ जणींचा. पहिल्या भागात मृत्यू झाले ३४, दुसऱ्यात ६४. दोन्ही भागांतील स्त्रियांची संख्या तीस-पस्तीस हजारांच्या घरातच होती. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा झाला. ज्यांच्या ठिकाणी विषाणू आढळला नाही, त्या तर पुढे कित्येक वर्षे निर्धास्त राहू शकतात असे दिसले.

इतर दोन तपासण्यांनी उस्मानाबादेत मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. म्हणून त्या टाकाऊ ठरतात काय? मुंबईच्या गरीब वस्त्यांत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांची चाचणी केली. तेथे दहावी शिकलेल्या सामान्य स्त्रियांस थोडे आठवडे शिक्षण देऊन आम्लाची तपासणी करावयास शिकवले आणि ती दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तात्पर्य, साधन साधे असेल तर चिकाटी अधिक हवी. साधन तीक्ष्ण असेल तर एक वेळचे कामही मोठे फळ देते.

या चाचण्यांवर एक कठोर आक्षेप घेण्यात आला आणि तो लपवून ठेवणे योग्य नाही. पेशीतपासणी उपयुक्त आहे हे जगाला ठाऊक असताना हजारो स्त्रियांस तपासणीवाचून ठेवावे का, असा तो आक्षेप. त्या भागात एरव्हीही कोणाचीच तपासणी होत नव्हती आणि तुलनेवाचून पुरावा मिळाला नसता, असे उत्तर संशोधकांच्या बाजूने देण्यात आले. या वादात सर्वांचे समाधान होईल असा निवाडा नाही. आम्हांस एवढेच वाटते की, त्या ६४ मृत्यूंनी जे शिकवले ते कपाटात पडून राहिले, तर अपराध मात्र नक्की आपला ठरेल.

आता लसीविषयी थोडक्यात. विषाणूच्या केवळ पोकळ कवचासारखे कण बनवून ही लस तयार करतात. तिच्यात विषाणूचे बीज नसल्याने तिच्यापासून रोग होत नाही. ती कुमारवयात, विषाणूशी संबंध येण्यापूर्वी, देणे सर्वांत हितकर. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या लशीस २०२२ साली परवानगी मिळाली. लस घेतलेल्या स्त्रीनेही पुढे तपासणी करावयाची असते, कारण सर्वच जातींपासून लस संरक्षण देत नाही.

एवढे ज्ञान हाताशी असताना आपली स्थिती काय आहे? केंद्र सरकारने २०१६ सालीच तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे धोरण आखले. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधी तरी झालेल्या भारतात शंभरांत दोनही भरल्या नाहीत. यात सरकारी यंत्रणेची उणीव आहेच. पण घराचीही आहे. तपासणीस जावयाचे तर शेतातील रोज बुडतो, स्वयंपाक खोळंबतो, बरोबर कोणी येत नाही. शिवाय 'मला काही होत नसता कशाला?' हा प्रश्न असतोच. त्याचे उत्तर हेच की काही होत नसतानाच जावयाचे असते.

काही होऊ लागले असेल तर विलंब मुळीच नको. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिपत्नीसंबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधी असलेले पांढरे किंवा तांबूस पाणी जाणे, या गोष्टी वयाच्या म्हणून सोडून देऊ नयेत. प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असे नाही. तो नाही हे डॉक्टरांनी पाहून सांगावे, शेजारणीने नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले एक साधे प्रमाण आहे: पस्तिसाव्या वर्षाच्या आत एकदा आणि पंचेचाळिसाव्या वर्षाच्या आत पुन्हा एकदा, उत्तम प्रतीची तपासणी. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, घराचा पाया या गोष्टींची आपण वर्षे मोजून ठेवतो. त्याच यादीत घरातील प्रत्येक स्त्रीच्या तपासणीचे वर्ष लिहून ठेवावे, आणि ते लिहिण्याचे काम पुरुषांनी तिच्यावर सोडू नये, एवढीच आमची विनंती आहे.