मालक एक नसला तरी

जेवण, किराणा, औषधे, रिक्षा-टॅक्सी, घरी येऊन नळ दुरुस्त करणारा माणूस, अशा कितीतरी गोष्टी आता मोबाइलवर मागवल्या जातात. ती मागणी पुरी करणाऱ्या गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात मांडला. या माणसांच्या भल्याची चर्चा निघाली की ती बहुधा एकाच प्रश्नापाशी अडते : हे कंपनीचे नोकर, की स्वतंत्र व्यावसायिक? कंपन्या एक सांगतात, संघटना दुसरे, आणि देशोदेशीच्या न्यायालयांचे निकालही सारखे नाहीत. माझे म्हणणे असे की, या वादाचा निकाल लागेपर्यंत कामगाराने ताटकळत राहण्याचे काहीच कारण नाही. ज्याला ठरावीक मालक नाही अशा कामगारालाही भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि औषधोपचार देता येतात, आणि ते कसे द्यायचे हे महाराष्ट्राने १९६९ मध्येच कायद्याने ठरवून दाखवले आहे.

आधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहू. केवळ कमाई कमी म्हणून हे काम जाचक होत नाही. काही रायडर सणासुदीच्या आठवड्यात बरे पैसे मिळवतातही. खरी अडचण ही की धंद्यातली जवळजवळ सगळी जोखीम कामगाराच्या अंगावर येते. गाडी त्याची, तिचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचे. हॉटेलबाहेर ऑर्डर तयार होण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळही बहुतेक वेळा त्याच्याच खात्यात बुडतो. पावसात मागणी वाढते आणि अपघाताचा धोकाही वाढतो. त्यातले पहिले कंपनीच्या नफ्यात दिसते, दुसरे रायडरच्या हाडांवर. उशीर झाला तर आम्ही दंड करत नाही, असे कंपन्या सांगतात, पण दंडाची गरजच कुठे असते? पैसे ऑर्डरमागे मिळत असतील आणि ठरावीक ऑर्डरचा टप्पा गाठल्यावरच इन्सेंटिव्ह पदरात पडत असेल, तर गाडीचा वेग वाढवायला कुणी सांगावे लागत नाही. दर पुरेसा नसला की बारा-बारा तास रस्त्यावर राहावे लागते. पाठदुखी, अपुरी झोप, वेळी-अवेळी खाणे आणि सततचा ताण यांचे मूळ या रचनेत आहे. म्हणून रायडरना विश्रांतीचे आणि हेल्मेटचे धडे देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

मुंबईच्या मस्जिद बंदर आणि दाणाबंदर परिसरात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांची स्थिती साठच्या दशकात याच जातीची होती. एक टोळी दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलायची, त्यामुळे आजारपण, अपघात किंवा म्हातारपण यांची जबाबदारी कुणा एका व्यापाऱ्यावर येत नव्हती. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हे कामगार संघटित झाले, लढले आणि त्यातून माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. कायद्याने मालक कोण हा घोळ घातलाच नाही. कामगार, मालक आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ उभे केले, कामगार आणि मालक दोघांनाही तिथे नोंदणी करायला लावली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना भागवायचा. माणूस किती जणांचे काम करतो याला महत्त्व उरले नाही. जो काम करून घेईल, त्याने कामाच्या प्रमाणात भरावे, एवढाच हिशेब राहिला.

केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने २०२० मध्ये गिग कामगाराची पहिल्यांदा कायद्यात दखल घेतली. ती अंमलात यायला मात्र २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. तिच्यानुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीला द्यायची आहे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून ती जास्त होणार नाही, अशी मर्यादा आहे. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यातही प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या पैशांच्या १ ते ५ टक्के शुल्क आहे. आता संघटित क्षेत्राकडे पाहा : तिथे केवळ भविष्यनिर्वाह निधीसाठी मालकाचा वाटा मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के असतो. अपघात, आजारपण आणि म्हातारपण, सगळे ५ टक्क्यांत बसवायचे म्हटले तर कार्ड मिळेल, आधार मिळणार नाही.

म्हणून माथाडीसारखीच लेव्ही गिग कामगारांसाठीही हवी, आणि ती निदान या १२ टक्क्यांइतकी तरी. यावर पहिला आक्षेप महागाईचा. समजा, एका ऑर्डरमागे रायडरला ४० रुपये मिळतात. त्यावर १२ टक्के लेव्ही म्हणजे ४ रुपये ८० पैसे. हा भार सगळा ग्राहकावर टाकला तरी त्यामुळे धंदा बसेल हे पटत नाही. दुसरा आक्षेप असा की, अनेकांना हे काम सवडीचे म्हणूनच हवे असते. तो खरा आहे, आणि लेव्हीची पद्धत त्याच्या आड येत नाही : संध्याकाळी दोन तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यात थोडे जमेल, दिवसभर राबणाऱ्याच्या खात्यात जास्त. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, अशा तक्रारी चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातले उद्योजक वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि त्या झटकून टाकू नयेत. पण अशा वसुलीला वाव मिळतो तो काम कुणी, किती केले याची चोख नोंद नसते तिथे. ॲपवर तर ऑर्डर कुणी उचलली, कधी पोचवली, किती रुपये दिले, हे सगळे आपोआप नोंदले जाते. न केलेल्या कामाचे पैसे मागणारी बोगस टोळी इथे शिरणार कुठून? माथाडी मंडळाला जी नोंद हाताने ठेवावी लागली, ती इथे आयती तयार आहे.

लेव्हीने सगळे साधेल असे मात्र नाही. आयडी ब्लॉक झाली की त्या दिवशीची चूल बंद पडते, आणि दाद मागायची तर समोर बहुधा चॅटबॉट असतो. कर्नाटकाने कामावरून काढण्यापूर्वी कारण देऊन १४ दिवसांची नोटीस बंधनकारक केली, ती यासाठीच. वाट पाहण्याच्या वेळेचा प्रश्न त्याहून अवघड. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला की, उबरचा चालक आपल्या परवान्याच्या हद्दीत ॲप सुरू ठेवून भाडे घ्यायला तयार असेल, तर तो वेळ कामाचाच. पुढच्याच महिन्यात कंपनीने तिथल्या चालकांना किमान वेतन, रजेचा पगार आणि पेन्शन जाहीर केली, पण किमान वेतनाचा हिशेब भाडे स्वीकारल्यापासूनच धरला. न्यायालयात जिंकूनही वाट पाहण्याचा वेळ चालकाच्याच माथी राहिला. आपल्याकडे मंडळ झाले तर त्याच्या हाती केवळ निधी देऊन भागणार नाही. ऑर्डरमागचा दर कंपनीला आज एका रात्रीत बदलता येतो. तो बदलण्याआधी मंडळात कामगारांच्या प्रतिनिधींशी बोलणी झालीच पाहिजेत, आणि थांबण्याच्या वेळेचे पैसे त्या बोलण्यांत पहिल्या दिवसापासून असले पाहिजेत.