सीडी लिहावी कशी?



जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ असलेल्या एखाद्या आजीबाई अजूनही गावात असतात. एखादे भजनी मंडळ जुन्या चाली धरून असते. त्यांचा आवाज मोबाइलवर टिपणे आज सोपे आहे. अवघड आहे ते तो जपणे. मोबाइल हरवतो, बिघडतो, नाहीतर घरातलाच कोणी जागा हवी म्हणून त्यातले सारे पुसून टाकतो. म्हणून असा ठेवा सीडीवर उतरवावा, असे काही शिक्षकांना वाटते. सीडीचे दिवस आता ओसरले आहेत हे खरे. नव्या लॅपटॉपला तिची खाचही नसते. लिहिणारे यंत्र बाहेरून जोडावे लागते. पण एकदा लिहिलेली साधी सीडी, म्हणजे सीडी-आर, चुकून पुसली जात नाही, हा तिचा मोठा गुण. लिहिताना मात्र हाच गुण आडवा येतो. चूक झाली, तर ती खोडता येत नाही.

मग सीडी बिघडते कशाने? नशिबाने नव्हे. त्याला कारणे आहेत, आणि ती समजली की निम्मे काम झाले.

सीडी म्हणजे १२ सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची चकती. तिच्यावर एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो, त्यावर चकचकीत धातूचा मुलामा आणि त्यावर संरक्षक लेप. लेसरचा किरण त्या रंगद्रव्यावर बारीक खुणा उमटवत जातो. या खुणांची ओळ मध्यापासून कडेकडे वेटोळे घेत जाते. ती उलगडली, तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल!

आता पेरणी आठवा. बैल चालत असतात आणि चाड्यावर धरलेल्या मुठीतून बी पडत असते. बैल चालूच राहिले आणि मूठ रिकामी झाली, तर तेवढा तास कोरा जातो. सीडीचेही तसेच आहे, बरं का. चकती फिरत असते आणि संगणकाने मजकूर सतत पुरवायचा असतो. यंत्राजवळ थोडा साठा असतो, पण तो फार नव्हे. वेगाचा १ आकडा म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. १६ वेगाने लिहिताना दर सेकंदाला २,४०० किलोबाइट लागतात. यंत्राचा साठा २ मेगाबाइटचा असेल, तर तो एक सेकंदसुद्धा पुरत नाही. सन २००० च्या सुमारास आलेल्या यंत्रांपासून, पुरवठा तुटला तर थांबून पुन्हा तिथूनच लिहिण्याची सोय झाली. तरी सांधा न पडलेला बरा.

म्हणून पहिली गोष्ट : ध्वनिफिती पेन ड्राइव्हवरून थेट सीडीवर लिहू नका. आधी त्या संगणकात उतरवून घ्या. दुसरे सारे कार्यक्रम बंद करा. मध्येच संगणकाला झोप लागणार नाही, हे पाहा. बाहेरचे यंत्र संगणकालाच सरळ जोडा. आणि आपल्याकडची वीज! ती केव्हा जाईल ते सांगता येत नाही. इन्व्हर्टर किंवा लॅपटॉपची भरलेली बॅटरी असल्याशिवाय कामाला हात घालू नये.

दुसरी गोष्ट वेगाची. ५२ आकडा छापलेला दिसला, म्हणून त्या वेगाने लिहायलाच हवे असे नाही. घाईत खुणा पुसट उमटण्याचा संभव असतो. पण अगदी सावकाश म्हणजे उत्तम, असेही नाही. हल्लीच्या चकत्या फार कमी वेगासाठी बनवलेल्या नसतात. ८ ते १६ हा वेग बहुधा सोयीचा पडतो. १६ वेगाला ८० मिनिटांची सीडी पाच-सहा मिनिटांत होते. एवढा धीर धरायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट : सीडी वाजणार कुठे, ते आधी ठरवा. जुन्या प्लेअरसाठी ‘ऑडिओ सीडी’ करावी. तीत ८० मिनिटे मावतात. नुसत्या एमपी-थ्री फायली उतरवल्या तर कित्येक तास मावतात, पण प्रत्येक जुना प्लेअर त्या वाचील असे नाही. लिहून झाल्यावर सीडी ‘फायनलाइज’ करावी, म्हणजे बंद करावी. उघडी राहिलेली सीडी पुष्कळ प्लेअर वाचत नाहीत.

चौथी गोष्ट हाताळण्याची. पुष्कळजण खालची चकचकीत बाजू जपतात आणि वर बॉलपेनने नाव लिहितात. पण धातूचा मुलामा वरच्याच बाजूला, पातळ लेपाखाली असतो. तिथे ओरखडा गेला की सीडी कामातून गेली. नाव मऊ टोकाच्या मार्करने लिहावे. पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल नव्हे. कारण आडवा लहान ओरखडा प्लेअर गणिताने भरून काढतो. ओळीच्याच दिशेने गेलेला लांब ओरखडा त्याला भरून काढता येत नाही. आणि सीडी उन्हात ठेवू नये. रंगद्रव्य उन्हाने खराब होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. यंत्राने ‘काम पूर्ण झाले’ म्हटले, की काम पूर्ण झाले असे समजू नका. लिहिणाऱ्या कार्यक्रमात ‘व्हेरिफाय’ म्हणजे पडताळणीची सोय असते, ती वापरा. मग ती सीडी दुसऱ्या एखाद्या यंत्रावर लावून पहिली, मधली आणि शेवटची ध्वनिफीत ऐका. बिघाड बहुधा शेवटी, चकतीच्या कडेला सापडतो.

एवढे होईपर्यंत मोबाइलमधले मूळ पुसू नका. नंतरही एकाच सीडीवर विसंबू नका, कारण तीही अमर नाही. एक प्रत शाळेत ठेवा, एक कोणाच्या तरी घरी आणि एक संगणकात. वर्षातून एकदा काढून ऐका. सीडी पुन्हा आणता येते. गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा टिपता येत नाही.